पत्रपेटीत येणारं कार्ड की जुन्या बाजारात सापडणारं?

पोस्टकार्डांचा छंद लावून घ्यायचा म्हटलं की दोन वाटा समोर येतात. जगभरच्या अनोळखी माणसांशी नव्या कार्डांची देवघेव करायची, किंवा शंभरेक वर्षांपूर्वीची पिक्चर पोस्टकार्डं हुडकून जमवायची. पहिलीत काय हाती येईल ते तुम्ही ठरवत नाही, दुसरीत सगळी निवड तुमची. मला विचाराल तर निर्णय इथेच होतो. पैसे, वेळ, कपाटातली जागा हे सगळं त्यानंतर.

देवघेवीसाठी सगळ्यात पसरलेली सोय म्हणजे पोस्टक्रॉसिंग ही वेबसाइट. २००५ साली पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि सदस्यत्व आजही फुकट आहे. पत्ता मागितला की एक पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. भारतातून निघणाऱ्या कार्डाच्या क्रमांकाआधी 'आयएन' असतं. हा क्रमांक कार्डावर ठळक लिहायचा, शक्यतो दोनदा, कारण शिक्क्याची शाई नेमकी त्याच्यावरच सांडते. समोरच्याने कार्ड मिळाल्याची नोंद केली की तुमचा पत्ता भलत्याच कुणाला तरी जातो. म्हणजे जपानला पाठवलंत आणि फिनलंडहून आलं, असंच चालायचं. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेत ठेवता येतात, पुढे मर्यादा वाढत जाते. काही कार्डं पोचतच नाहीत. त्याने जीव खालीवर होणार असेल तर हा छंद तुमचा नाही.

खर्चाचा अंदाज आधी नीट घ्या. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड देशातल्या देशात. परदेशी टपालाचा दर वेगळा, आणि तो खिडकीवर विचारूनच तिकिटं लावावीत. आपल्याकडे बरी चित्रांची कार्डं मिळणं हीच खरी अडचण. संग्रहालयांची दुकानं सोडली तर फार ठिकाणी ती दिसत नाहीत, त्यामुळे बरेच जण स्वतः काढलेले फोटो जाड कागदावर छापून घेतात. माझ्या मते तेच उत्तम: ताजमहाल सगळ्यांकडे असतो, तुमच्या गावचा आठवड्याचा बाजार कुणाकडेच नसतो. आणखी एक, तुमचा पत्ता परक्यांच्या हाती जातो. ते नको असेल तर पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने घेता येतो.

जुन्या कार्डांची गोष्ट निराळी. इथे पायपीट आहे, घासाघीस आहे, आणि डोळा तयार व्हावा लागतो. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाणी-तिकिटांची प्रदर्शनं, ऑनलाइन लिलाव, ही नेहमीची ठिकाणं. मराठी माणसाला या वाटेवर घरचं बरंच काही सापडतं. मळवलीच्या रविवर्मा प्रेसने छापलेली देवादिकांची कार्डं आहेत, आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले चित्रकार म. वि. धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेली मुंबईतल्या माणसांचीही आहेत. अशा कार्डांना भाव चढा असतो. स्टेशनं, देवळं, घाटरस्ते यांची साधी कार्डं मात्र अजून आवाक्यात आहेत. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

कार्ड हाती आलं की आधी उलटं करा. मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असेल, मधे उभी रेघ नसेल, तर ते बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. मजकूर आणि पत्ता एकाच बाजूला लिहायची मुभा ब्रिटनने १९०२ साली दिली, अमेरिकेने १९०७ साली. त्याआधी लोक चित्राच्या कडेकडेने, मुंगीएवढ्या अक्षरात खुशाली कळवत. मग भिंग लावून चित्र पाहा. ओळीत मांडलेले बारीक ठिपके दिसले तर ती छपाई, ठिपके नसून छटा एकसंध असतील तर बहुधा खरा फोटो. 'जुनं' म्हणून गळ्यात मारलेलं कार्ड अतिनील दिव्याखाली निळंपांढरं चमकलं तर सरळ परत करा. कागदाला तशी चमक आणणारी द्रव्यं सर्रास वापरात आली ती १९५०च्या आसपास.

विक्रेते कोऱ्या कार्डाला जास्त मोजायला सांगतात. मी लिहिलेलं, शिक्का बसलेलं कार्ड आधी उचलतो. कोरं कार्ड दुकानातून घरी आलं एवढंच, लिहिलेलं कुठून कुठे गेलं ते तारखेसकट सांगतं.

जपणूक दोन्हीकडे लागते, पण जुन्यांना जास्त. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा लागला की कागदावर तपकिरी ठिपके पडतात आणि कसर लागते. चिकटवही नको, पीव्हीसीची पाकिटं नकोत. पॉलिप्रोपिलीनची पाकिटं घ्या, ती महाग नाहीत.

कॉलेजातल्या मुलामुलींना, किंवा घरात लहान मूल असेल त्यांना मी डोळे झाकून देवघेव सुचवेन: दारात काहीतरी येत राहतं, उत्साह टिकतो. ज्याला एखाद्या गावाचा, रेल्वेचा किंवा छपाईचा नाद आहे त्याने जुन्यांकडे वळावं आणि पहिलं वर्ष एकच विषय धरावा, नाहीतर खोकी भरतात आणि संग्रह होत नाही. दोन्ही हवं असेल तर दुबार आलेली जुनी कार्डं इतर संग्राहकांशी थेट बदलून घ्या. फक्त ती उघड्यावर न पाठवता पुठ्ठा घालून पाकिटात पाठवा.