घोड्याच्या खुरांचे बूट ऑनलाइन मागवताय? आधी हे वाचा

आमच्याकडे माथेरानला दोन घोडे आणि एक तट्टू आहे. पेव्हर ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते. पावसाळ्यात उतारावर जनावर पाय रोवायला बघतं आणि पाय सुटतो, ते बघवत नाही. म्हणून रबरी तळाचे खुरांचे बूट शोधत होतो. मोबाइलवर जाहिरात दिसली: तट्टूपासून मोठ्या घोड्यापर्यंत सगळी मापं, चार बूट ४,८०० रुपये, निम्मे पैसे आगाऊ.

फोनवरचा माणूस फार अदबीनं बोलायचा. ‘दादा, खूर कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा आणि फोटो पाठवा,’ म्हणाला. एवढी चौकशी करतोय म्हटल्यावर विश्वास बसला. पण खूर शेवटचा कधी तासला, हे त्यानं विचारलंच नाही. खूर महिन्याला सात-आठ मिलिमीटर तरी वाढतो, त्यामुळे माप तासल्यावर लगेच घ्यायचं असतं, रुंदी आणि लांबी दोन्ही, मिलिमीटरमध्ये. बूट खरोखर विकणारा हा प्रश्न आधी विचारतो. पुढचा खूर गोल आणि रुंद असतो, मागचा निमुळता. ‘चारही पायांना एकच माप चालतं’ असं कोणी म्हणालं, तर बोलणं तिथंच थांबवा.

उरलेले पैसे भरल्यावर पार्सल आलं. चारही बूट एकाच साच्यातले होते, फक्त वरची मापाची चिठ्ठी वेगळी. तळ म्हणजे फोमचा तुकडा, कडेला पातळ रबर चिकटवलेलं. दस्तुरीच्या उतारावर पहिल्याच फेरीत एक बूट गरगर फिरला आणि पट्ट्यानं टाचेच्या वरची कातडी सोलून काढली. मुकं जनावर लंगडत राहिलं. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. जखम भरेपर्यंत घोडा बांधून ठेवावा लागला आणि ऐन हंगामातली कमाई बुडाली.

खरी फसवणूक त्यानंतर झाली. तक्रार केली तर म्हणाला, ‘लगेच पैसे परत करतो, कोड पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका.’ माझ्या भावानं पिन टाकला आणि खात्यातून आणखी ६,००० रुपये गेले. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे पाठवताना लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांना, सगळ्यांना हे सांगून ठेवा.

असं झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. वस्तूच खोटी निघाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ऑनलाइन विक्रेत्यानं नाव, पत्ता आणि तक्रार कुठे करायची हे दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार बंधनकारक आहे. या माणसाकडे फक्त मोबाइल नंबर होता.

परदेशात चांगल्या बुटांची जोडीच शंभर डॉलरच्या पुढे जाते, मग चार बूट ४,८०० ला कुठून येणार? बूट घ्यायचेच असतील तर आधी एकच जोडी घ्या आणि आपल्या नालबंदासमोर घालून बघा. घोडा थोडा चालवा, बूट काढा आणि टाचेवर हात फिरवा. केस उडालेले किंवा कातडी गरम लागली, तर ते माप त्याचं नाही.

तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तेच फोटो वापरून आता दुसऱ्या नावानं जाहिरात सुरू झाली आहे आणि तिथे खोगिरंही विकायला ठेवली आहेत.