कैसराचे कैसराला : चार शनिवारांच्या एका अभ्यासवर्गाविषयी

पुण्यातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) नोव्हेंबर २०२५ मध्ये, ख्रिस्ती विश्वासी माणसाने कर आणि शासन यांच्याकडे कसे पाहावे या विषयावर, चार शनिवारांचा अभ्यासवर्ग घेतला. शुल्क ४०० रुपये होते आणि त्यात छापील टिपण व चहा धरलेला होता. वेळ सायंकाळी पाच ते साडेसातची होती. तीन सत्रे एका निवृत्त पाळकसाहेबांनी घेतली आणि एक सत्र चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या एका भगिनींनी. मी आमच्या लहानशा मंडळीचा नऊ वर्षे खजिनदार आहे. दर मार्च महिन्यात कोणी ना कोणी विश्वासी बंधू माझ्याकडे येऊन दिलेल्या दानापेक्षा मोठ्या रकमेची पावती मागतो, आणि ती नाकारताना त्याला वचनातून काय सांगावे हे मला कधीच नीट सुचत नाही. त्या अडचणीमुळेच मी नाव नोंदवले.

पहिले सत्र मत्तयाच्या २२ व्या अध्यायावर होते आणि ते अतिशय चांगले झाले. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर देणे योग्य आहे की नाही, हा प्रश्न परूशी (धर्मनियम कडकपणे पाळणारा यहूदी पंथ) आणि हेरोदी (रोमधार्जिण्या हेरोद घराण्याचे समर्थक) यांनी मिळून प्रभू येशूला का विचारला, हे पाळकसाहेबांनी घाई न करता उलगडले. इ. स. ६ मध्ये रोमी सुभेदार क्विरिनियसच्या वेळी यहूदियात करासाठी शिरगणती झाली आणि गालीली यहूदाने तिच्याविरुद्ध उठाव केला. त्या यहूदाचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांच्या ५ व्या अध्यायातही आहे. म्हणजे हा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्या उठावाची आठवण लोकांच्या मनात असणार. ‘योग्य नाही’ म्हटले तर रोमी सत्तेकडे तक्रार जाणार, ‘योग्य आहे’ म्हटले तर लोक उलटणार, असा तो पेच होता. प्रभूने नाणे मागवले, त्यावरचा मुखवटा कोणाचा ते विचारले आणि उत्तर दिले, ‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या.’ पडद्यावर तेव्हाचा सम्राट तिबेरियस याच्या दिनाराचे, म्हणजे चांदीच्या रोमी नाण्याचे, मोठे छायाचित्र दाखवले गेले. त्यावरच्या लॅटिन अक्षरांत तिबेरियसला ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ म्हटले आहे. प्रभूने स्वतःच्या कंबरेचे नाणे काढले नाही, विचारणाऱ्यांकडूनच मागवले, आणि हे सर्व मंदिराच्या आवारात घडले, या तपशिलाकडे माझे लक्ष त्या दिवसापर्यंत कधी गेले नव्हते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची होती. मूळ ग्रीकमध्ये प्रश्नातले क्रियापद नुसते ‘देणे’ आहे आणि उत्तरातले ‘जे ज्याचे आहे ते त्याला परत देणे’ असे आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात हा फरक टिकला आहे: प्रश्नात ‘कर देणे’ आणि उत्तरात ‘भरून द्या’. घरपट्टी भरतो, फी भरतो, हप्ता भरतो, तेव्हा आपण कोणावर उपकार करत नसतो. असलेले देणे फेडत असतो. पाळकसाहेबांनी यावर जवळजवळ अर्धा तास घालवला आणि तो सत्कारणी लागला, असे मला वाटते. कैसराचा मुखवटा असलेले नाणे कैसराकडे जावे आणि देवाच्या प्रतिरूपाचा असलेला मनुष्य देवाकडे जावा, हा तर्तुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या काळापासून चालत आलेला अर्थ त्यांनी शेवटी मांडला आणि पुढे लगेच विचारले की, मग मनुष्यावर कैसराचा हक्क किती? या प्रश्नाचे उत्तर चौथ्या शनिवारी मिळेल असे त्यांनी सांगितले होते. ते पुरेसे मिळाले नाही, याविषयी पुढे लिहितो.

दुसरे सत्र रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायावर होते. प्रेषित पौलाने हे पत्र साधारण इ. स. ५७ च्या सुमारास करिंथाहून लिहिले, तेव्हा नीरो गादीवर होता. त्याआधी क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून घालवून दिले होते आणि त्यामुळेच अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे यहूदी ख्रिस्ती दांपत्य करिंथात आले होते. म्हणजे ‘वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’ हे वाक्य ज्यांना वाचून दाखवले गेले, त्यांच्यापैकी काहींनी त्याच अधिकाऱ्यांमुळे घरदार सोडलेले होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे ५८ मध्ये, रोममध्ये जकातवसुली करणाऱ्या मक्तेदारांविरुद्ध लोकांची ओरड इतकी वाढली की नीरोने अप्रत्यक्ष कर सरसकट रद्द करण्याचाच विचार केला होता, असे रोमी इतिहासकार टॅसिटस सांगतो. पौल ७ व्या वचनात कर आणि जकात ही दोन्ही नावे वेगवेगळी का घेतो, हे या पार्श्वभूमीवर कळते. वर्गातील माझ्या वयाच्या मंडळींना पुण्याच्या वेशीवरचे जकात नाके, तिथल्या ट्रकांच्या रांगा आणि खिडकीपाशी चालणारी घासाघीस चांगली आठवते. त्यामुळे हे वचन त्या दिवशी अगदी ओळखीचे वाटले.

तिसरे सत्र हे या वर्गाचे खरे बळ आहे आणि केवळ त्यासाठीही ४०० रुपये कोणी द्यावेत, असे मी म्हणेन. चार्टर्ड अकाउंटंट भगिनींनी सुरुवात सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयापासून केली. अनुदानित शाळांत शिकवणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या पगारातून उगमस्थानी कर (टीडीएस) कापावा की नाही, असा तो वाद होता. १९४४ पासून मिशनऱ्यांना मिळत आलेल्या सवलतीचा आधार घेऊन, आणि दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या व्यक्तीचा पगार तिचा नसून तिच्या संघाचा असतो असे म्हणून, तमिळनाडू व केरळमधील संस्थांनी अपिले केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. पगार ज्याच्या नावाने निघतो त्याचे ते उत्पन्न आहे. तो पुढे ते कोणाला देतो यामुळे कर टळत नाही. आमच्या वर्गाला एका अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या की, त्यांच्या हाती पैसे आधीही राहत नव्हते आणि आताही राहत नाहीत, परंतु आता संघाच्या दवाखान्याला दरमहा थोडे कमी मिळतात. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. या निर्णयाने कायद्याचा प्रश्न सुटला असला, तरी व्रत आणि पगारपत्रक यांच्यातला ताण सुटलेला नाही, हे भगिनींनी मोकळेपणाने मान्य केले, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

त्यानंतर भगिनी मंडळीच्या हिशेबाकडे वळल्या. रविवारच्या थैलीत पडणाऱ्या निनावी दानाला, संस्था पूर्णपणे धार्मिक असेल तर, निनावी देणग्यांवरचा विशेष कर लागू होत नाही. परंतु तीच मंडळी दवाखाना किंवा वसतिगृह चालवत असेल तर स्थिती बदलते. एका विशिष्ट धर्मसमाजाच्या हितासाठी असलेल्या न्यासाला, देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी, आयकर कायद्याच्या कलम ८०जी ची मान्यता सहसा मिळत नाही. म्हणून मंडळीला दिलेला दशमांश करातून वजा होईल असे कोणी गृहीत धरू नये. जिथे मान्यता आहे तिथेही २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला वजावट नाही, देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत खात्याकडे जावे लागते, आणि नव्या करपद्धतीत ही वजावट मुळातच मिळत नाही. एका वयोवृद्ध बंधूंनी विचारले, ‘मग आमच्या दानाचा उपयोग काय?’ भगिनींनी अत्यंत आदराने उत्तर दिले, ‘काका, दशमांश देवाला द्यायचा आहे आणि कर सरकारला. एकातून दुसरा कापून घ्यायचा असता, तर प्रभूने दोन वेगळी वाक्ये कशाला केली असती?’ मोठ्या रकमेची पावती मागणाऱ्या बंधूला काय सांगावे, हे मला त्या क्षणी समजले. खोटी पावती देणारा खजिनदार कैसराचे तर बुडवतोच, शिवाय देवाच्या नावाने खोटी साक्ष देतो.

टिपणाबाबत एक सूचना करावीशी वाटते. त्यातील सर्व कलमे १९६१ च्या आयकर कायद्याची आहेत. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा पुढच्या वर्गाआधी हे पान नव्याने छापणे आवश्यक आहे. सभागृहातील ध्वनिक्षेपकही मागच्या रांगांपर्यंत नीट पोहोचत नव्हता.

माझी मुख्य तक्रार चौथ्या शनिवारविषयी आहे. आज्ञापालनाची मर्यादा हा विषय त्या दिवशी अवघ्या पंचवीस मिनिटांत उरकला गेला. ‘आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे पेत्राचे वचन वाचले गेले, मिसरच्या फारो राजाचे न ऐकणाऱ्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींचा नुसता उल्लेख झाला, दानीएलाचे नाव घेतले गेले आणि प्रार्थना झाली. ज्या पौलाने अधिकाऱ्याला ‘तुझ्या हितासाठी देवाचा सेवक’ म्हटले, त्याच्या त्या शब्दांत अधिकाऱ्यासाठीही एक कसोटी आहे, आणि हित सोडून अहित करणाऱ्या सेवकाचे काय, हा प्रश्न मंडळ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेला आहे. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतील बार्मेन येथे १९३४ मध्ये मंडळ्यांच्या सभेत तो विचारला गेला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शासन याच १३ व्या अध्यायाचा आधार घेत असताना, तिथल्या ख्रिस्ती विचारवंतांनी १९८५ च्या कैरोस निवेदनात त्या वापराचे जाहीर खंडन केले. रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय शिकवताना हे सांगितले नाही, तर विश्वासी माणसाच्या हाती वचनाचा अर्धाच भाग जातो, आणि तो अर्धा भाग सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचा असतो.

दूरची उदाहरणे नको असतील तर घरची आहेत, आणि ती पुण्यातल्याच वर्गात यावीत ही अपेक्षा अवाजवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, आणि ख्रिस्ती असल्यामुळे शासनाला दोष देऊ नये असेही त्यांनी मानले नाही. जे. सी. कुमारप्पा हे मुंबईत हिशेबतपासनीसाचा व्यवसाय केलेले ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ. सरकार कर कसा गोळा करते आणि तो कोणावर खर्च करते, याचा अभ्यास करताना ते परकीय राजवटीच्या अन्यायापर्यंत पोहोचले, मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकाचे काम सांभाळले आणि १९३१ मध्ये तुरुंगात गेले. ज्याने दुसऱ्यांच्या ताळेबंदातली प्रत्येक रक्कम तपासली, त्याला मिठावरच्या कराला विरोध करावासा वाटला, तो कर चुकवण्यासाठी नव्हे. कर बुडवणारा लपून राहतो. अन्यायी कायदा मोडणारा आपले नाव सांगून शिक्षा पत्करतो. हा भेद आमच्या तरुणांना कोणीतरी सावकाश, उदाहरणे देऊन शिकवला पाहिजे, आणि त्यासाठी पंचवीस मिनिटे पुरत नाहीत.

मंडळीचे पंच, खजिनदार, लेखापाल आणि शाळा-दवाखान्यांच्या कार्यालयात काम करणारे विश्वासी यांनी हा वर्ग अवश्य करावा. ज्यांना केवळ विवरणपत्र भरायला शिकायचे आहे त्यांच्यासाठी तो नाही. आयोजकांना मी पत्राने विनंती केली आहे की, पुढच्या वेळी पाचवा शनिवार ठेवावा, त्यासाठी शुल्क शंभर रुपयांनी वाढवले तरी चालेल, आणि त्या शनिवारी रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय, सत्तेला श्वापदाच्या रूपात दाखवणाऱ्या प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावा. त्यांचे उत्तर आले आहे. विनंती पंचांपुढे ठेवणार आहेत, आणि रमाबाईंचे ते पत्र कुठे मिळेल, असे त्यांनी मलाच विचारले आहे.