तुळशीबागेतली ट्रायप्लाय कढई, आठ महिने वापरल्यावर

दिवाळीच्या आधी तुळशीबागेतल्या एका भांड्यांच्या दुकानातून ही कढई घेतली. २४ सेंटिमीटरची, ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांची, झाकणासकट १,९५० रुपये. तेव्हापासून रोज गॅसवर चढते आहे.

आधीचं पातेलं सँडविच बुडाचं होतं, म्हणजे बुडाला खालून वेगळी चकती जोडलेलं. दीड वर्षात बुडाची चकती एका बाजूने सुटली. फटीत पाणी शिरायचं आणि गॅसवर ठेवलं की चरचर वाजायचं. जिथून घेतलं होतं त्यांनी हात वर केले. ट्रायप्लायमध्ये सुटायला चकतीच नसते. दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर बुडापासून थेट काठापर्यंत जातो. नुसतं स्टील उष्णता नीट पसरवत नाही, म्हणून पातळ कढईत भाजी मधोमध करपते आणि कडेला कच्चीच राहते. इथे तो त्रास अजिबात नाही.

घेताना मी फ्रिजवरचा लोहचुंबक पर्समध्ये टाकून नेला होता. चुंबक चिकटला की स्टील हलकं, हे सासूबाईंनी डोक्यात पक्कं बसवलेलं. कढईला आतून तो चिकटला नाही, बाहेरून मात्र घट्ट बसला. मी कढई परत ठेवायला लागले, तर दुकानातले काका म्हणाले, "ताई, थांबा. बाहेरचा पत्रा इंडक्शनसाठी मुद्दाम तसा असतो. तुमचं जेवण आतल्या पत्र्याला लागणार." आतलं स्टील ३०४ ग्रेडचं, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४च, असंही नाही. स्वस्तातल्या २०२ लाही तो चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. तेव्हा चुंबकावर विसंबू नका. आयएसआयच्या शिक्क्यासोबत आयएस १४७५६ हा स्टीलच्या भांड्यांच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. काकांनी मला न कुरकुरता लिहून दिली, म्हणूनच दुकान आवडलं.

एक चूक पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून झाली. ओल्या शेंगा उकडायला टाकल्या आणि गार पाण्यातच मूठभर मीठ घातलं. ते बुडाशी तसंच बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी घासताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उजेडात धरून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढे पाच खड्डे. ते आजही आहेत, घासून जात नाहीत. स्वयंपाकाला त्याने काही बिघडत नाही, पण नवीन भांड्याचं फार वाईट वाटलं. आता पाण्याला उकळी आली की मगच मीठ घालते आणि लगेच ढवळते.

चिकटण्याबद्दल सगळ्या मैत्रिणी विचारतात. बटाट्याच्या काचऱ्या आधी मलाही खरवडून काढाव्या लागायच्या. रिकामी कढई मध्यम आचेवर तापवा, पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र होऊन उडून गेले तर अजून थांबा. पाऱ्यासारखे गोळे होऊन पळायला लागले की गॅस बारीक करा, तेल घाला, मग काचऱ्या. टाकल्या टाकल्या उलथनं घालू नका. खालून खरपूस झाल्या की त्या आपोआप सुटतात.

आमच्याकडे धायरीला टँकरचं पाणी, त्यामुळे पांढरे डाग पडतातच. कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवलं की जातात. जास्त तापून येणारी निळी-जांभळी झाकही त्यानेच जाते. तारेची घासणी मी लावत नाही, आणि धुतल्यावर लगेच फडक्याने पुसते.

उणीव दोन ठिकाणी आहे. आतल्या बाजूला रिव्हेटच्या कडेला हळद-मसाला अडकतो, तिथे जुना टूथब्रश फिरवावा लागतो. आणि झाकण फारच सपाट आहे, वाफेचं पाणी कडेने ओट्यावर गळतं. दुधासाठी दोन लिटरचं पातेलं याच दुकानातून आणणार आहे, झाकण मात्र खोलगट बघून घेईन.