घरी पाळणाघर काढायचंय, पण ट्रेनिंग कुठलं घ्यायचं? गोव्यातल्या बायकांसाठी चार वाटांची तुलना

हल्ली फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठेही बघा, हाच विषय निघतो. घरात एक खोली रिकामी आहे, आपली मुलं आता शाळेला लागलीत, आणि शेजारची फॅक्टरीत जाणारी सून विचारते, "काकी, माझ्या बाळाला दिवसभर ठेवून घेशील काय?" हो म्हणायला एक मिनिट लागत नाही, पण मग डोक्यात येतं की आपण आपली दोन वाढवली खरी, पण लोकांची चार एकदम सांभाळायची तर काहीतरी शिकायला पाहिजे ना, निदान एखादं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला तरी. तिथून शोधाशोध सुरू होते आणि इतके कोर्स समोर येतात की माणूस गोंधळतो.

मी या धंद्यात आहे म्हणून बऱ्याच जणी मला विचारतात. सगळ्यांना मी आधी एकच उलटा प्रश्न विचारते, तुमच्याकडे येणारं मूल किती वयाचं असणार? कारण बाजारात जे डिप्लोमे मिळतात ना, मॉन्टेसरी म्हणा, एनटीटी म्हणजे नर्सरी टीचर ट्रेनिंग म्हणा, त्यातले बहुतेक ३ ते ६ वर्षांच्या मुलांना शिकवण्यासाठी आहेत, म्हणजे बालवाडीसाठी. आणि घरगुती पाळणाघरात येतं कोण? हिशोब करून बघा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. त्यातले ८ आठवडेपर्यंत डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. म्हणजे आईने ते आधीच वापरले तर बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना ती कामावर परत, आणि सगळी रजा नंतरसाठी ठेवली तर सहा महिन्यांचं. तिसऱ्या मुलाला तर १२च आठवडे. म्हणजे तुमच्या दारात येणार ते मान नुकती धरायला लागलेलं, आईच्या दुधावरचं बाळ, आणि अडीच-तीन वर्षांचं झालं की ते बालवाडीत निघून जाणार. त्यामुळे अक्षरं कशी गिरवायची, चार्ट कसे बनवायचे हे शिकवणारा कोर्स कितीही चांगला असला तरी तुमच्या कामाचा अर्धाच.

हे डोक्यात ठेवून आता एकेक बघू.

इग्नूचा डिप्लोमा

डिप्लोमा इन अर्ली चाइल्डहूड केअर अँड एज्युकेशन, सगळे त्याला डीईसीई म्हणतात. बारावी पास पाहिजे. ३२ क्रेडिट्सचा आहे आणि इग्नूच्या हिशोबाने एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, म्हणजे जवळजवळ हजार तास, हे ऐकून घाबरू नका, कमीत कमी १ वर्षात होतो आणि घर सांभाळून जमलं नाही तर जास्त वेळ घेता येतो. ॲडमिशन जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा, परीक्षा जून आणि डिसेंबरला. गोव्यात इग्नूचं रिजनल सेंटर आहे त्यामुळे प्रत्येक कागदासाठी पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही.

मला हा कोर्स बाकीच्यांपेक्षा उजवा वाटतो त्याचं कारण त्याचा सिलॅबस. मूल जन्मल्यापासून सहा वर्षांपर्यंत कसं वाढतं, कुठल्या वयात काय खेळायला द्यायचं, हा एक पेपर. आरोग्य आणि आहार हा वेगळा अख्खा पेपर, त्यात लसीकरण, जुलाब, कुपोषण सगळं. तिसऱ्यात मुलांसाठीच्या सेवा आणि कार्यक्रम, म्हणजे केंद्र चालवण्याची बाजू. शिवाय प्रोजेक्ट, त्यात प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करून ते लिहून द्यावं लागतं. म्हणजे केअर हा शब्द नुसता नावात नाही.

वाईट बाजू दोन. पुस्तकं इंग्रजी किंवा हिंदीत, मराठी मीडियमची शाळा झालेल्या बाईला सुरुवातीला जड जातं, डिचोली-सत्तरीकडच्या बऱ्याच जणी तिथेच अडतात. माझं मत, हिंदी घ्या, दूरदर्शन बघून वाढलेल्या पिढीला तेवढं हिंदी येतं. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, हे दूरशिक्षण आहे, रडणारं बाळ कुशीत कसं घ्यायचं ते पुस्तक दाखवत नाही. घशात काही अडकलं तर काय करायचं ते वाचून हात वळत नाहीत.

प्रायव्हेट मॉन्टेसरी किंवा एनटीटी

यांच्या जाहिराती सगळ्यात जास्त, फीसुद्धा सगळ्यात जास्त. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही आपल्या क्लासला मॉन्टेसरी म्हणू शकतो. ही शिकवायची पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरी स्वतः १९३९ मध्ये मद्रासला आल्या, तिथून भारतात रीतसर ट्रेनिंग सुरू झालं, आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी, एएमआयशी, जोडलेले खरे कोर्स आजही आहेत, लांबलचक, कडक, साहित्य हाताळून शिकवणारे. एएमआयचा ० ते ३ वयाचा वेगळा कोर्सपण असतो, आणि पाळणाघराला खरा उपयोगी तोच. पण तुमच्या गावात मजल्यावर एका खोलीत सहा महिन्यांत डिप्लोमा देणारा क्लास म्हणजे तो नव्हे.

एनटीटीचंही तसंच. शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता देणारी संस्था म्हणजे एनसीटीई, तिच्या यादीत पूर्वप्राथमिकसाठी डीपीएसई (डिप्लोमा इन प्रीस्कूल एज्युकेशन) हा २ वर्षांचा डिप्लोमा आहे. सहा महिन्यांच्या एनटीटीला "गव्हर्न्मेंट रेकग्नाइज्ड" म्हणून विकतात तेव्हा कोणत्या सरकारी संस्थेची मान्यता ते लेखी मागा. मी एका ठिकाणी मागितलं तर त्यांनी मला सोसायटी रजिस्ट्रेशनचा कागद दाखवला, तो काय कोर्सच्या मान्यतेचा कागद नव्हे.

तरी सरसकट वाईट म्हणणार नाही हं. ज्या क्लासला स्वतःची बालवाडी जोडलेली आहे आणि तिथे तुम्हाला रोज मुलांमध्ये सोडतात, तिथे हाताला वळण लागतं, ओळखी होतात, गाणी-गोष्टी-हस्तकला याचा साठा मिळतो, आणि वर्ग मराठी-कोंकणीत चालतो हा मोठा फायदा. पुढे पाळणाघराला बालवाडी जोडायचा विचार असेल तर हे पैसे वसूल होतील. नुसती तान्ही बाळं ठेवणार असाल तर नाही होणार.

स्किल इंडियाचा चाइल्ड केअरटेकर

हा लहान कोर्स, मुख्य रोख दुसऱ्याच्या घरी जाऊन मूल सांभाळणाऱ्या बाईवर. आंघोळ, भरवणं, स्वच्छता, सुरक्षितता, मालकांशी बोलायचं कसं. सरकारी योजनेतली बॅच असेल तर फी लागत नाही, शिक्षणाची अटही मोठी नसते, त्यामुळे बारावी न झालेल्यांना हीच वाट सोपी. अडचण बॅचची. मनात आलं आणि जाऊन बसलात असं होत नाही, आधी स्किल इंडियाच्या पोर्टलवर आणि राज्याच्या कौशल्य विकास खात्यात चौकशी करावी लागते. धंदा कसा चालवायचा, हिशोब, पालकांशी करार, यावर फार अपेक्षा ठेवू नका.

फुकटची वाट

ही कोणी सांगत नाही कारण त्यात कोणाला कमिशन नाही. केंद्राच्या महिला-बाल विकास मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये दोन गोष्टी काढल्या, नवचेतना आणि आधारशिला. आधारशिला ३ ते ६ साठी, ती बाजूला ठेवा. नवचेतना जन्म ते ३ वर्षांसाठी आहे, ३६ महिन्यांचं कॅलेंडर, वयानुसार १४० ॲक्टिव्हिटीज, नेटवर फुकट मिळतं. घरातल्या वाटी-चमच्याने, फडक्याने करायचे खेळ आहेत, महागडी खेळणी लागत नाहीत. ते अंगणवाडी सेविकांसाठी बनवलंय त्यामुळे एकटी बाई आणि चार बाळं हे चित्र त्यात नाही, तुम्हाला थोडं जुळवून घ्यावं लागेल. जादुई पिटारा म्हणजे शिक्षण मंत्रालयाचा खेळ-साहित्याचा संच, २०२३ चा, तो ३ ते ८ वयाचा, मोठी मुलं शाळा सुटल्यावर तुमच्याकडे येत असतील तर त्यातलं घ्या.

याच वाटेचा दुसरा भाग म्हणजे चालू असलेल्या पाळणाघरात काही महिने हेल्पर म्हणून उभं राहणं. पगार कमी मिळेल, कोणी तर देणारच नाही, पण दुपारी बारा ते दोन या वेळात एक झोपलंय एक ओरडतंय एकाने शी केलीय आणि चौथ्याची आजी दारात आलीय, हे सगळं एका बाईने कसं निभावलं ते बघितल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही की हे काम आपल्याला झेपेल का. सर्टिफिकेट मात्र शून्य, आणि पालकांना दाखवायला काहीतरी लागतं हेही खरं.

कुठलीही वाट घ्या, फर्स्ट एड सोडू नका

यात माझी तुलना वगैरे नाही, हे सगळ्यांनी करायचं. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं ट्रेनिंग घ्या, पण नाव घालण्याआधी विचारा, एक वर्षाखालच्या बाळाचा भाग बाहुलीवर करून घेतात का. कारण मोठ्यांचं आणि बाळाचं वेगळं असतं. मोठ्या माणसाच्या घशात अडकलं तर पोट दाबतात, एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, डोकं खाली धरून पाठीवर ५ थापा आणि मग छातीवर ५ दाब, आळीपाळीने. हात थरथरत असतात तेव्हा वाचलेलं आठवत नाही, केलेलं आठवतं. १०८ ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत तुम्हीच आहात.

आईच्या दुधाचंही तसंच, काढून दिलेलं दूध २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत ४ तास चालतं असं सांगतात, पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये २५ डिग्री कुठे असते, आल्या आल्या फ्रिजमध्ये टाका, आणि कोमट पाण्यात बाटली ठेवून गरम करा, मायक्रोवेव्ह नको. मध एक वर्षापर्यंत चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणू दे.

आणि गोव्यातल्या घरांचं काही कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं. अंगणात बांव (विहीर) असेल तर आधी लोखंडी जाळी बसवा, कोर्स नंतर. मार्च ते मे काजूचा सीझन, घरात कच्च्या बिया पडलेल्या असतात, त्या सालीच्या तेलाने कातडी भाजते, रांगणारं मूल काय उचलेल सांगता येत नाही. माडाखाली पाळणा नको. पावसाळ्यात दाराच्या फटीतून काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको.

किती मुलं घ्यायची? राष्ट्रीय ईसीसीई धोरण (लहान मुलांची काळजी आणि शिक्षण यावरचं) २०१३ मध्ये तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस आणि ३ ते ६ च्या २० मागे एक असं आहे. सरकारच्या पाळणा योजनेत एका केंद्रात २५ मुलं, रोज साडेसात तास, आणि तिथे वर्कर आणि हेल्पर अशा दोघी असतात. हे आकडे केंद्रासाठी ठीक, घरी एकटीने दहा बाळं हा वेडेपणा आहे, आग लागली तर उचलणार किती? माझ्या मते दोन वर्षांखालची तीन, फार तर चार, त्याच्यावर गेलात तर मदतीला बाई ठेवाच.

मग निवडायचं कसं

बारावी झालीय, हे काम पुढची पाच-दहा वर्षं करायचंय, रात्री तासभर वाचायची तयारी आहे, तर इग्नू, डोळे झाकून. सोबत फर्स्ट एड आणि हेल्परचं काम, म्हणजे त्यातली हाताची उणीव भरून निघते. जुलैच्या ॲडमिशनला उशीर झाला तर जानेवारीपर्यंत थांबून मधल्या काळात हेल्पर व्हा, वेळ फुकट जात नाही.

बारावी नाही आणि आत्ता लगेच पैसे पाहिजेत, तर स्किल इंडियाच्या बॅचला नाव घाला आणि बॅच लागेपर्यंत नवचेतना उघडून बसा. घरात मुलगा-मुलगी असेल त्यांना प्रिंट काढायला सांगा, मोबाइलवर वाचून डोळे दुखतात.

पैसे आहेत, जागा मोठी, पुढे बालवाडी काढायची, तर प्रायव्हेट चालेल, पण बालवाडी जोडलेलं ठिकाण बघूनच, आणि फी भरायच्या आधी तिथे शिकून गेलेल्या दोघींशी बोलून. त्या क्लासनेच दिलेल्या नंबरवर नको, आपल्या ओळखीतून शोधा.

फक्त शेजारचं एकच बाळ ठेवणार असाल तर डिप्लोम्यावर पैसे घालवूच नका. फर्स्ट एड, नवचेतना, बस. दोन-तीन मुलं वाढली की तेव्हा बघा.

अजून एक, अशात बऱ्याच जणी विचारतात की सर्टिफिकेट मिळालं की परवानगीचं काम झालं का. नाही झालं. कोर्स वेगळा आणि परवानगी वेगळी, पंचायतीत किंवा पालिकेत आणि पणजीला महिला व बाल विकास खात्यात जाऊन विचारून या, भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं लेखी घ्या. आणि मुलाच्या अंगावर काही संशयास्पद दिसलं, कोणी लैंगिक त्रास दिल्यासारखं, तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं हाच गुन्हा होतो. चाइल्डलाइन १०९८. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात का ते ॲडमिशनच्या वेळी विचारा, उत्तरावरून कोर्स कसा आहे ते लगेच कळेल.

हॉटेलात काम करणाऱ्या आयांची मुलं घेणार असाल तर वेळेचं आधीच लिहून घ्या. त्यांचा सीझन डिसेंबरमध्ये, नाताळ-न्यू इयरला त्यांना सुट्टी नाही आणि तेव्हाच तुमच्या घरी पाहुणे. चवथीला (गणेश चतुर्थीला) तर गोव्यात कोणीच कोणाकडे मूल ठेवत नाही, त्यामुळे त्या दिवसांचे पैसे कापायचे की नाही हे पहिल्या महिन्यातच ठरलेलं बरं, नंतर तोंडं वाकडी होतात.