सारी-सारीच्या बरणीतला खाऊ: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फिलिपिन्समध्ये पोरांचा खाऊ किलोवर नाही, नगावर घेतला जातो. गल्लीतल्या सारी-सारी दुकानाच्या जाळीमागे बरण्यांची रांग असते. पोरगं "पाबिली पो!" ("विकत घ्यायचंय!") अशी हाक मारतं, सुटे पेसो आत सरकवतं आणि मोजून गोळ्या घेतं. या सुट्या खरेदीला तिथे तिंगी म्हणतात. हा खाऊ महिनोन्‌महिने घरात वापरल्यावर मत पक्कं झालं आहे: तो आणायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. नगामागे थोडं स्वस्त पडतं म्हणून मोठी पाकिटं भरून ठेवली, की मनिलाची दमट हवा त्यातला फायदा खाऊन टाकते.

सगळ्यात आधी चॉक नट. नाव चॉकलेटचं असलं तरी खरा माल शेंगदाण्याचा: दाण्याचं बारीक कूट, दूध पावडर, साखर आणि कोको, दाबून केलेली बोटाच्या पेराएवढी वडी. चॉकलेटच्या वडीला कोको बटर धरून ठेवतं. इथे ते काम दाण्याचं तेल आणि दाब करतो, म्हणून चॉक नट उन्हात वितळत नाही, पण हाताळलं की भुगा होतो. चंदेरी कागद मधून फाडू नका. दोन्ही टोकं उलगडून कागदासकट तळहातावर धरा आणि तिथूनच खा. भुगा झालेल्या वड्या टाकायच्या नाहीत. आइस्क्रीमवर किंवा गार दुधात त्या अख्ख्या वडीपेक्षा चांगल्या लागतात.

याचा शत्रू म्हणजे खवटपणा. 24 नगांचं पाकीट उघडलं, की उरलेल्या वड्या लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात जायला हव्यात. डबा फ्रिजमध्ये ठेवला, तर बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नका; गार वड्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि त्या चिकट होतात. घास कडवट लागला तर थुंकून टाका, पोरांना "खा रे, काही होत नाही" म्हणू नका. दाण्यांना बुरशी लागलेली असू शकते. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या हाती तर ही वडी जाताच कामा नये.

रिकोआ कंपनीची फ्लॅट टॉप्स आणि कर्ली टॉप्स ही छोटी चॉकलेटं चवीला छान, पण उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मे, घेऊच नयेत. दुकानातच वितळून पुन्हा घट्ट झालेली मिळतात. वर पांढुरका थर दिसला तर तेच झालंय असं समजा. खाल्ल्याने बाधत नाहीत, पण चव उतरते.

पोल्वोरॉन, म्हणजे भाजलेल्या मैद्याची भुसभुशीत वडी, घरीच करावं, असं आमचं मत आहे. 2 कप मैदा मंद आचेवर सतत हलवत बदामी रंगापर्यंत भाजा. घाई केली तर कच्चा वास राहतो आणि मग कितीही साखर घातली तरी लपत नाही. खाली उतरवून 1 कप दूध पावडर, पाऊण कप पिठीसाखर आणि पाऊण कप पातळ केलेलं लोणी मिसळा. मूठ वळून पाहा. आकार टिकत नसेल तर चमचाभर लोणी वाढवा, हाताला तेलकट लागत असेल तर भाजलेला मैदा. साच्यात दाबून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावरच कागदात गुंडाळा. मुलांना तोंड भरून बोलताना ठसका लागतो, शेजारी पाणी असू द्या.

ठसक्याचा खरा धोका मिक-मिकचा. ही गोड दूध पावडर बारीक नळीने ओढून खायची असते. पोरं जोरात ओढतात आणि पावडर थेट घशात जाते. नळीत थोडी पावडर भरून ती जिभेवर झटकायला शिकवा. लहानग्यांना देऊच नका.

साम्पालोक, म्हणजे साखर-मीठ लावलेली चिंच, मराठी जिभेला लगेच पटते. घेताना बिया काढलेली आहे का हे विचारा. पावसाळ्यात साखर हवेतलं पाणी ओढते आणि गोळी पाझरून कागदाला चिकटते. बरणीच्या तळाशी पाक दिसला तर घेऊ नका. बुकायोचंही तसंच: ओलं खोबरं गुळासाखरेत शिजवलेलं, वास आंबूस आला की संपलं.

शाकाहारी घरांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. येमा या दुधाच्या मिठाईत अंड्याचा बलक असतो. आटवलेल्या दुधाच्या पिवळ्या रंगाने फसायला होतं. स्ट्रॉबेरी-क्रीम चवीच्या पोचीसारख्या गमी आणि चिनी व्हाइट रॅबिट घेताना घटकांच्या यादीत जिलेटिन शोधा. सुट्या गोळीवर यादी छापलेली नसते, तेव्हा दुकानदाराकडे मूळ पाकीट मागा. रोजचं गिऱ्हाईक असाल तर ते आनंदाने दाखवतात.

सुट्या पैशांऐवजी गोळी पुढे केली तर नम्रपणे नाही म्हणा. 2016 च्या प्रजासत्ताक कायदा क्र. 10909 नुसार उरलेले पैसे चलनातच परत द्यावे लागतात. शाळेच्या कँटीनमध्ये गोळ्या शोधू नका. शिक्षण खात्याच्या 2017 च्या आदेशाने त्या तिथल्या लाल यादीत, म्हणजे विकायला मनाई असलेल्या पदार्थांत, टाकल्या आहेत. मुलं शाळेबाहेर घेतातच, तेव्हा घरी आल्यावर चूळ भरायची सवय लावा. चिकट गोळ्या दाढांच्या खाचांत तासन्‌तास राहतात.

भारतात न्यायच्या असतील तर निघायच्या आदल्या दिवशी, गर्दीच्या दुकानातून, सीलबंद पाकिटंच घ्या. चॉक नट आणि पोल्वोरॉन कडक डब्यात उभे-आडवे घट्ट बसवा, मधल्या फटीत टिश्यू कोंबा. डबा हलवल्यावर आवाज येता कामा नये. साम्पालोक वेगळ्या पिशवीत. बुकायो आणि येमा नेऊ नका, तिथेच खा.