ओओपी शिकायचंय: जावातून की पायथनमधून?

लूप आणि फंक्शनवर हात बसला की पुढे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग (ओओपी) येतं: माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन एकत्र बांधली की ऑब्जेक्ट, आणि त्या ऑब्जेक्टचा साचा म्हणजे क्लास. एनकॅप्सुलेशन (आतली माहिती बाहेरच्या कोडपासून जपणं), अ‍ॅब्स्ट्रॅक्शन (काय करायचं ते सांगणं, कसं ते झाकणं), इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा बेतणं), पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या परीने उत्तर देणं) ही चार तत्त्वं दोन्ही भाषांत तीच आहेत. फरक पडतो तो चुकलात तर भाषा तुम्हाला कुठे अडवते, यात.

बँक खात्याचा क्लास घ्या. जावात शिल्लक ‘प्रायव्हेट’ केली की दुसऱ्या क्लासमधून तिला थेट हात लावणारा कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याआधीच्या भाषांतरातच अडतो. पैसे काढायला मेथड (क्लासमधलं फंक्शन) लिहावीच लागते आणि ‘शिल्लकेपेक्षा जास्त काढायचे नाहीत’ हा नियम त्या एकाच जागी बसतो. पायथनमध्ये नावाआधीचा एक अंडरस्कोर हा नुसता संकेत. दोन दिले तर पायथन आतल्या आत नाव बदलतं, पण ते बदललेलं नाव वापरून शिल्लक बाहेरूनही बदलता येते. मुरलेल्या प्रोग्रामरला संकेत पुरतो. नवशिक्या मात्र घाईत तो ओलांडतो आणि एनकॅप्सुलेशन व्याख्येपुरतंच उरतं. म्हणून या तत्त्वासाठी मी जावाच सुचवेन.

पॉलिमॉर्फिझमला पायथन सरस. वर्तुळ आणि चौरस या दोन क्लासना ‘क्षेत्रफळ’ मेथड द्या, त्यांचे ऑब्जेक्ट एका लिस्टमध्ये टाका, लूप फिरवा. ज्याचं त्याचं उत्तर येतं. जावात आधी सहसा इंटरफेस (क्लासमध्ये कोणत्या मेथड हव्यात याची यादी) लिहावा लागतो. अर्थात त्यातली एखादी मेथड लिहायची राहिली तर जावा कंपाइल करतानाच सांगतं. पायथनमध्ये लूप त्या ऑब्जेक्टपाशी पोचल्यावर एरर येते. अ‍ॅब्स्ट्रॅक्शन शिकताना हा फरक मोठा ठरतो.

इनहेरिटन्समध्ये जावा एकाच पालक क्लासला परवानगी देतं, पायथन अनेकांना. सुरुवातीला एकावरच थांबा.

जावाची एक गोष्ट मला खटकत आलीय: ऑब्जेक्ट म्हणजे काय हे कळायच्या आधीच ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही प्रोग्रामची सुरुवातीची ओळ पाठ करावी लागायची. २०२५ च्या जावा २५ पासून लहान प्रोग्रामना ती सक्ती राहिलेली नाही.

अजून लूपच अडखळत असतील तर पायथन घ्या. ते जमत असतील तर थेट जावा, आणि महिन्याभराने तोच प्रोग्राम पायथनमध्ये. सरावाला रांगेचं सिम्युलेशन (प्रोग्राममध्ये केलेली नक्कल) निवडा: ग्राहक, खिडकी, थांबण्याचा वेळ. ऑस्लोत डाल आणि न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञांनी सिम्युला भाषा अशाच सिम्युलेशनसाठी घडवली आणि १९६७ च्या आवृत्तीत क्लास व इनहेरिटन्स आणलं. त्यामुळे या उदाहरणात ऑब्जेक्ट शोधत बसावे लागत नाहीत.