कुकीमॅनेजर: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात आमच्या क्लायंटमध्ये (सर्व्हरशी बोलणाऱ्या जावा प्रोग्राममध्ये) एका युजरला दुसऱ्याच्या फाइल्स दिसल्या, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवातीला मी कुकीमॅनेजरच्या, म्हणजे सर्व्हरने दिलेल्या कुकी आपोआप सांभाळणाऱ्या जावाच्या क्लासच्या, वाटेला गेलोच नव्हतो. जेसेशनआयडी, म्हणजे युजरचं सेशन ओळखणारी सर्व्हरची कुकी, तेवढीच तर काढायचीय! रिस्पॉन्सचा हेडर वाचणाऱ्या गेटहेडरफील्ड मेथडला ‘सेट-कुकी’ हे नाव द्यायचं, पहिल्या अर्धविरामापर्यंत कापायचं, पुढच्या रिक्वेस्टला चिकटवायचं. दोन महिने सुरळीत चाललं. मग सर्व्हरपुढे लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटणारा) बसला आणि लॉगिन होऊनही प्रत्येक रिक्वेस्ट परत लॉगिनच्या पानावर आपटायला लागली. लॉगमध्ये पाहिलं तर टॉमकॅटचा (आमच्या सर्व्हरचा) 32 हेक्स अक्षरांचा आयडी गायब, हाताशी सहा अक्षरांचं भलतंच काहीतरी. एका नावाचे अनेक हेडर आले की ही मेथड फक्त शेवटचा देते. शेवटचा बॅलन्सरचा होता.

तेव्हा कुकीमॅनेजर घेतला. जावा 6 पासून सोबतच येतो, वेगळी लायब्ररी लागत नाही, हे मला फार आवडलं. तो सगळ्या कनेक्शनना लावणारी सेटडिफॉल्टची एकच ओळ लिहिली. लॉगिननंतर सर्व्हर आयडी बदलतो तोही आपोआप उचलला गेला, आणि 302 च्या (दुसऱ्या पानावर पाठवणाऱ्या, म्हणजे रीडायरेक्टच्या) रिस्पॉन्समध्ये आलेली कुकीसुद्धा हरवली नाही. खूश होतो.

एक गोष्ट मात्र अजून खुपते: नाव देऊन कुकी मागायची सोयच नाही! गेटकुकीस्टोअर, मग गेटकुकीज, मग सगळी यादी फिरून नाव जुळवत बसा. सर्वात जास्त लागणारं काम हेच, आणि त्यालाच मेथड नाही. आठ महिन्यांत हा लूप मी चार प्रोजेक्टमध्ये लिहिलाय.

तरी चांगलंच म्हणत होतो, गेल्या आठवड्यापर्यंत. सेटडिफॉल्ट अख्ख्या जेव्हीएमला, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या पूर्ण प्रोसेसला, लागू होतं. त्याच प्रोसेसमध्ये दुसऱ्या युजरने लॉगिन केलं, त्याच्या आयडीने पहिल्याचा पुसला, आणि पहिला युजर दुसऱ्याच्या सेशनमध्ये शिरला. हे चालवून घेण्यासारखं नाही.

आता जावा 11 चा एचटीटीपीक्लायंट वापरतोय: दर युजरला वेगळा क्लायंट, त्याला बिल्डरमध्ये कुकीहँडलर म्हणून स्वतःचा कुकीमॅनेजर. तो दिला नाही तर हा क्लायंट कुकी ठेवतच नाही, आणि रीडायरेक्टही सांगितल्याशिवाय पाळत नाही. या दोन ओळी विसरू नका. कुकीमॅनेजर सगळं मेमरीत ठेवतो, त्यामुळे रीस्टार्टनंतर पुन्हा लॉगिन करावं लागतं. ते मला चालतं. चालू सेशनचा आयडी पासवर्डइतकाच जपायचा असतो, तो डिस्कवर लिहिणार नाही. लॉगमधूनही कालच काढून टाकला.